मेंटॉर सर नेमके कशासाठी असतात? ग्रामीण विदर्भातल्या कॉलेजांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान. बहुतेक मुलं वीस-पंचवीस किलोमीटरवरून एसटीने येणारी. मेंटॉर समितीचं काम माझ्याकडे आहे. शेजारच्या तालुक्यातले प्राध्यापक फोन करून विचारतात, पालक स्टँडवर गाठतात, मुलं रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर प्रश्न टाकतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. काही प्राध्यापकांसाठी आहेत, काही पालकांसाठी, काही मुलांसाठी. आपापलं वेचून घ्या.

मेंटॉर म्हणजे वर्गशिक्षकच ना?

थोडाफार. शाळेत पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर कोणीतरी विचारतं. कॉलेजात आल्यावर ते विचारणारं माणूसच नाहीसं होतं. इतिहासाच्या सरांना वाटतं मराठीच्या मॅडमना माहीत असेल, मॅडमना वाटतं ऑफिसला माहीत असेल, आणि ऑफिसला फक्त फीची पावती माहीत असते. म्हणून प्रत्येक प्राध्यापकाकडे ठरावीक मुलांची यादी द्यायची. त्या यादीतल्या मुलाने कोणते विषय घेतले, हजेरी किती, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकला, हे त्या एका माणसाला ठाऊक असायला हवं. आमच्याकडे जुने लोक याला पालक-शिक्षक म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो. पण कागदोपत्री मेंटॉर रूढ झालाय, तर मेंटॉर.

अमेरिकेत हे पूर्णवेळ नोकरीचं काम आहे. तिथल्या शैक्षणिक सल्लागारांची स्वतंत्र संघटना १९७९ पासून आहे. आपल्याकडे शिकवणं, पेपर तपासणं, निवडणुकीची ड्युटी आणि एनएसएसचं शिबिर यांतून उरलेल्या वेळात ते करायचं असतं. हा फरक मान्य करूनच पुढचं वाचा.

एका प्राध्यापकाकडे किती मुलं असावीत?

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली विद्यार्थी सुरक्षेच्या सूचना काढल्या, त्यात शिक्षक-समुपदेशकाकडे २५ मुलांचा गट असावा असं म्हटलंय. ग्रामीण कॉलेजात मंजूर पदांपैकी किती भरलेली असतात हे वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यामुळे पटाला प्राध्यापकांच्या संख्येने भागलं की साठ-सत्तरचा आकडा येतो, आणि तोच नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेच्या, अहवालात मेंटॉरचं प्रमाण म्हणून जातो.

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, समान वाटणी सोडून दिली. प्रथम वर्षाच्या याद्या लहान ठेवल्या, तृतीय वर्षाच्या मोठ्या. गळती होते ती पहिल्या वर्षी. तिसऱ्या वर्षाचं पोरगं आपलं आपण निभावतं. दुसरी, याद्या रोल नंबरप्रमाणे न करता बसच्या रूटप्रमाणे केल्या. एका फाट्यावरून येणारी सगळी मुलं एका मेंटॉरकडे. त्यातलं एक आलं नाही की बाकीच्यांना कारण माहीत असतं. "सर, त्याच्या घरी बैल मेला," हे वाक्य मला रोल नंबरच्या यादीतून कधीच कळलं नसतं.

लहान यादीने खरंच फरक पडतो का, असं कोणी विचारलं तर न्यूयॉर्कचं उदाहरण सांगावं. तिथल्या शहर विद्यापीठाने दोन वर्षांच्या कॉलेजांत २००७ साली असॅप नावाचा उपक्रम सुरू केला. मुलं गरीब घरांतली, काम करून शिकणारी. सल्लागाराकडे साठ ते ऐंशी मुलं ठेवली. एरवी तिथे एका सल्लागारामागे सहाशेच्या वर असत. सोबत फीला हातभार, पुस्तकांसाठी मदत आणि शहर वाहतुकीचा पास. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी मुलांची दोन गटांत विभागणी करून तपासलं, तेव्हा तीन वर्षांत अभ्यासक्रम पुरा करणारे उपक्रमात ४० टक्के निघाले, बाहेर २२ टक्के. मला त्या यादीतला पास सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो दर महिन्याला सल्लागाराच्या भेटीशी जोडलेला होता. पास हवा तर भेटायला या.

तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना ही जबाबदारी द्यावी का?

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. त्यांना पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. मेंटॉरची भेट हा तास नाही. सत्र संपलं की नेमणूक संपते, पुढच्या जुलै-ऑगस्टपर्यंत ते कुठे असतील याचा भरवसा नाही, आणि मुलाला वर्षागणिक नवा मेंटॉर मिळतो. हा अन्याय आहे, आणि तो मेंटॉर योजनेने झाकू नये.

तरीही मुलं मनातलं बोलतात ते बहुधा त्यांच्याशीच. ते वयाने जवळचे असतात, कित्येकदा त्याच पंचक्रोशीतले. आम्ही जोडी लावतो: यादी कायम प्राध्यापकाच्या नावावर, सोबतीला तासिकेवरचे सर किंवा मॅडम, आणि डायरी, फोन, रजिस्टर हा सगळा कारकुनी भार कायमवाल्यावर. उलटं होताना मी पाहिलंय. सही एकाची आणि वणवण दुसऱ्याची.

मेंटॉर डायरीत काय लिहायचं?

"विद्यार्थ्याशी चर्चा केली. अडचणींचे निराकरण करण्यात आले." हे लिहायचं नाही. मी लिहिलेलं आहे. नॅकची समिती येणार त्याच्या आदल्या रात्री, एकाच निळ्या पेनाने, पन्नास मुलांच्या पानांवर, मागच्या वर्षभराच्या तारखा टाकून. समितीतल्या बाईंनी दोन पानं उलटली, माझ्याकडे पाहिलं आणि वही मिटली. काही बोलल्या नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

आता आमच्या डायरीत प्रत्येक नोंदीला तीनच रकाने आहेत: काय अडलं, कोण करणार, कधीपर्यंत. नमुना असा: "सोयाबीन सोंगणी (कापणी), आठ दिवस आला नाही. मंगळवारी येतो म्हणाला. बुधवारी मी फोन करणार." बुधवारचा फोन झाला की पुढे खूण. खूण नसेल तर नोंद अपुरी. नॅकच्या दुसऱ्या आणि पाचव्या निकषाला जे लागतं ते यातून आपोआप निघतं, वेगळं रंगवावं लागत नाही.

पहिली भेट कधी घ्यावी, आणि काय विचारावं?

प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात, म्हणून "सगळे आले की घेऊ" असं म्हणू नये. २०१९ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा दीक्षारंभ, म्हणजे नव्या मुलांना कॉलेजची ओळख करून देणारा, कार्यक्रम आहे. बऱ्याच ठिकाणी तो हारतुरे आणि तीन भाषणांत आटोपतो. त्यातला अर्धा दिवस मेंटॉरसाठी मागून घ्या. मूल प्रवेश घेईल त्या आठवड्यात दहा मिनिटं पुरतात. मी विचारतो: गाव कोणतं, बस कोणती, परतीची शेवटची किती वाजता. घरी वावर आहे की मजुरी. बारावीला विषय काय होते. घरात याआधी कॉलेजात कोणी गेलंय का. आणि दिलेला मोबाईल नंबर कोणाचा.

हा शेवटचा प्रश्न मी दोन वर्षं विचारलाच नव्हता. परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या तारखेचा मेसेज मी एका मुलीला तीन वेळा पाठवला, तिन्हीवर निळ्या टिका आल्या. फोन भावाचा होता. भाऊ पुण्याला कंपनीत. त्याने वाचला, पण बहिणीला सांगायचं राहून गेलं. विलंब शुल्क भरून फॉर्म गेला, पण ते शुल्क म्हणजे तिच्या आईची दोन दिवसांची मजुरी होती. आता नंबरापुढे "स्वतःचा / बाबांचा / भावाचा / शेजारी" असं लिहून घेतो.

मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, क्रेडिट... हे मुलांना कसं समजावायचं?

नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा संलग्नित कॉलेजांना २०२४-२५ पासून लागू झाला आणि आमचे बरेच दिवस हे शब्द समजावण्यात गेले. तक्ते लावले, पीपीटी दाखवली. समोर बसलेली पोरं नुसतं डोकं हलवत होती. मग एका सहकाऱ्याने फळ्यावर वावर काढलं.

पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, हे मेजर, मुख्य विषय. वावर तिच्यासाठी, खत-पाणी तिला, वर्षाचा हिशेब तिच्यावर. पऱ्हाटीच्या सहा-आठ ओळींनंतर तुरीचं एक तास (ओळ) पेरतो ते मायनर, जोडविषय. कमी जागा घेतं, पण कापसाला भाव नाही मिळाला तर तेच तारतं. आणि धुऱ्यावर (बांधावर) लावलेली अंबाडी म्हणजे ओपन इलेक्टिव्ह. ती मुख्य पिकाच्या जातीची नसायची, बी.एस्सी.च्या मुलाने कला किंवा वाणिज्यातून घ्यायची. बाकी कौशल्याचे, भाषेचे, भारतीय ज्ञानप्रणालीचे छोटे अभ्यासक्रम असतात ते घरामागच्या परसातले. क्रेडिट म्हणजे माप. पंधरा तासांची थिअरी म्हणजे एक क्रेडिट, प्रॅक्टिकल असेल तर तीस तास. एका सत्रात २० ते २२, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२.

मुलं हसली आणि त्यांना समजलं. एकाने विचारलं, "सर, बोंडअळी म्हणजे कोणता पेपर?" इंग्रजी, असं सगळा वर्ग म्हणाला.

पण समजावणं सोपं, खरं सांगणं अवघड. पुस्तिकेत पर्याय वीस, आपल्या कॉलेजात शिकवायला माणसं आहेत पाच विषयांची. मेंटॉरने पहिल्याच भेटीत सांगावं की इथे अमुक इतकंच मिळतं, त्यातून निवड. "भूगोल घे, मॅडम चांगल्या आहेत" हाही सल्ला नव्हे. पुढे काय करायचंय ते आधी विचारा. बी.एड. करून शाळेत जायचं मनात असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर असलेला बरा. एम.एस्सी.साठी अमरावती किंवा नागपूरला जायचं असेल तर तिथल्या विभागाची प्रवेशाची अट आजच काढून पाहा, तिसऱ्या वर्षी नको. प्राध्यापकांचा वर्कलोड टिकावा म्हणून मुलांना विषयात ढकलायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो. मेंटॉरने तरी त्यात हात घालू नये.

एक वर्ष करून सोडलं तरी सर्टिफिकेट मिळतं म्हणे. खरं का?

खरं, पण अर्धवट ऐकलेलं. पहिल्या वर्षाची ४० ते ४४ क्रेडिटं पुरी करून वर चार क्रेडिटांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप केली तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी तसंच पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स. नुसतं येणं बंद केलं तर काहीच मिळत नाही. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत यायचं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची, असा आराखडा आहे.

मी हा रस्ता आपणहून कोणाला सुचवत नाही. एका वर्षाच्या प्रमाणपत्रावर इथल्या बाजारात नोकरी लागलेली मला दिसली नाही. पण एका प्रकारच्या मुलांसाठी, खरं म्हणजे मुलींसाठी, तो कामाचा आहे. दुसऱ्या वर्षात लग्न ठरतं, सासर दारव्ह्याचं किंवा थेट हिंगोलीकडचं. पूर्वी तिथेच शिक्षण संपायचं. आता तिच्या क्रेडिट बँकेच्या खात्यात मिळवलेलं जमा राहतं आणि ते दुसऱ्या कॉलेजात मोजून घेता येतं. म्हणून लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या मुलीला मी पेढा घेण्याआधी विचारतो: एबीसीचा, म्हणजे त्या क्रेडिट बँकेचा, बारा अंकी नंबर पाठ आहे का? डिजिलॉकरला नंबर कोणाचा जोडलाय? माहेरचा असेल तर आधी बदल. नवऱ्या मुलालाही फोन करतो. बहुतेक जण "शिकू द्या सर, काही हरकत नाही" म्हणतात. हे त्यांच्या तोंडून एकदा निघालेलं बरं असतं.

मुलं सप्टेंबर-ऑक्टोबरात गायब होतात. काय करावं?

विद्यापीठाचं कॅलेंडर आणि वावराचं कॅलेंडर एकमेकांना विचारून केलेलं नाही. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे येते, नेमक्या आमच्या अंतर्गत चाचण्या तेव्हाच. दिवाळीच्या सुमारास कापसाची वेचणी सुरू होते आणि सत्राची परीक्षा तिच्या तोंडावर. तिकडे भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत हेच जुलै-ऑगस्टच्या रोवणीला आणि दिवाळीनंतर धान कापणीला. गडचिरोलीत मार्च-एप्रिलला मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता. मेळघाटातली कोरकू कुटुंबं दिवाळीनंतर कामाला बाहेर पडतात ती होळीला परततात. म्हणजे प्रत्येक जिल्ह्याची गैरहजेरीची तारीख वेगळी आणि ती आधीच माहीत असते. मग "अचानक हजेरी घसरली" असं आपण दरवर्षी कशाला लिहितो?

मला हे उशिरा कळलं. चाचणीला एक मुलगा उजव्या हाताच्या दोन बोटांना फडक्याच्या चिंध्या बांधून आला होता. पेन धरताना त्रास होत होता. मला वाटलं पडला असेल. वेचणीत वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला लागून बोटं फाटतात. पहाटे दव असताना वेचणी करून तो सकाळच्या बसने आला होता. मी त्याला मागच्या आठवड्यातल्या गैरहजेरीबद्दल वर्गात सगळ्यांसमोर बोललो होतो.

तेव्हापासून जुलैतच विचारतो: घरची सोंगणी कधी, मजुरीला जाणार का, किती दिवस. यादीसमोर लिहून ठेवतो. चाचणी शक्य असेल तिथे गणपतीच्या आधी उरकतो, आणि राहिलेल्यांसाठी दुसरी तारीख आधीच जाहीर करतो, म्हणजे कोणाला हात जोडत यावं लागत नाही. ७५ टक्के हजेरीची अट काही आपल्या हातात नाही, पण जून ते ऑगस्ट भरून काढलं तर ऑक्टोबरचे दहा दिवस पेलतात, हे गणित मुलाला कागदावर मांडून द्यायचं. बहुतेक मुलांना हे गणित कोणी करून दाखवलेलंच नसतं.

शिष्यवृत्ती हे ऑफिसचं काम, मेंटॉरचा काय संबंध?

माझ्या मते निम्मी मेंटॉरगिरी इथेच आहे. महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर, अर्ज भरून झाला म्हणजे झाला असं मुलांना वाटतं. अर्ज कुठल्यातरी टेबलावरून परत येतो, कारण आधारवर नाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं, किंवा उत्पन्नाचा दाखला जुना. तो लॉगिनमध्ये "परत पाठवला" म्हणून पडून राहतो. मुलाला पासवर्ड आठवत नाही, कारण अर्ज नेट कॅफेवाल्याने भरलेला. मुदत संपते. मार्चमध्ये फी थकबाकीची यादी लागते आणि पोरगं तोंड लपवून कॉलेज सोडतं. आम्ही महिन्यातून एकदा, लायब्ररीतल्या दोन कॉम्प्युटरवर, यादीतल्या प्रत्येकाला स्वतःच्या हाताने लॉगिन करायला लावतो. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का तेही तेव्हाच.

योजना पाठ असाव्यात: भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती (उत्पन्नाची मर्यादा ८ लाख), वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी अनुसूचित जातींना स्वाधार, आदिवासी मुलांना स्वयम्, ओबीसींना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पापळसारख्या खेड्यातून निघालेल्या आणि अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवलेल्या माणसाचं नाव त्याला शोभतं. पण कोणता अर्ज कोणत्या अभ्यासक्रमाला चालतो ते दरवर्षी पोर्टलवर पाहूनच सांगा. २०२४ मध्ये मुलींना शंभर टक्के शुल्कमाफी जाहीर झाली ती व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, बी.ए.च्या मुलीचे बाबा "आता फुकट आहे ना सर" म्हणत येतात, तेव्हा त्यांना नीट बसवून समजावावं लागतं.

मुलगी येणं बंद झाली. घरी जावं का?

जावं. आधी फोन करून, सोबत मॅडमना घेऊन, आणि फोटो न काढता. "गृहभेट" असा फलक घेऊन ओसरीवर उभे राहिलेले मेंटॉर मी पाहिलेत. गावभर चर्चा होते की पोरीचं काहीतरी झालं म्हणून कॉलेजवाले आले.

एका घरी गेलो तेव्हा बाबा खाटेवर बसून म्हणाले, "पोरगी हुशार हाय, मले मालूम हाय सर. पण प्रॅक्टिकल सुटते पाचले, अन् आमची यष्टी जाते साडेचारले. फाट्यापासून तीन किलोमीटर एकटी कशी यील सांगा तुम्ही?" आम्ही शिक्षणाचं महत्त्व सांगायची तयारी करून गेलो होतो. ते महत्त्व त्यांना माहीतच होतं. मॅडमनी दुसऱ्या दिवशी त्या रूटच्या मुलींची प्रॅक्टिकल बॅच सकाळी लावली, आणि बसची वेळ पुढे ढकलावी म्हणून आगाराला सगळ्या मुलींच्या सहीचा अर्ज दिला. बॅच लगेच बदलली. बसला दोन महिने लागले.

विद्यार्थी पासवर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्सा भरावा लागतो. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे पास काढायला चुकलेली मुलगीही निदान येऊ शकते. पाससाठी लागणारं कॉलेजचं बोनाफाईड त्याच दिवशी मिळालं पाहिजे. चार चकरा मारायला लावणाऱ्या ऑफिसशी मेंटॉरने भांडावं, ते त्याच्या कामातच मोडतं.

अभ्यासात मागे असलेल्यांची यादी लावावी का?

लावू नये. "स्लो लर्नर" हा शब्द नॅकच्या फाइलीत राहू द्या, नोटीस बोर्डावर नको. शिवाय जो मागे दिसतो तो कित्येकदा फक्त भाषेत अडलेला असतो: बारावीपर्यंत मराठीतून शिकलेला बी.एस्सी.चा मुलगा, किंवा घरी गोंडी, कोलामी, कोरकू बोलणारी मुलगी, जिला प्रमाण मराठीसुद्धा शाळेतच भेटली.

मुलगा खचलेला वाटतो. मी काय बोलू?

कमी बोला. आमच्या जिल्ह्यात वर्गात असं एखादं मूल असतं ज्याच्या बापाने वावरात जीव दिलेला आहे. त्याला स्टेजवर बोलावून मदतीचा चेक देऊ नका. ऑफिसात बोलावून द्या. मेंटॉर डॉक्टर नव्हे. मुलाच्या बोलण्यात मरणाचा विषय आला, झोप-जेवण सुटलं, तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्या एका समंजस माणसाला कळवायचं आणि त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयाची वाट धरायची. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर २०२२ पासून आहे, मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो प्रत्येक मेंटॉरच्या फोनमध्ये असावा. ही नोंद डायरीत तपशिलाने लिहायची नाही. डायरी दहा जण उघडतात.

मी पालक आहे, फारसा शिकलेलो नाही. सरांना येऊन काय विचारू?

बाजाराच्या दिवशी या, गावात यायचंच असतं. तीन प्रश्न विचारा: हजेरी किती, कोणता पेपर राहिलाय, कोणता फॉर्म भरायचा बाकी आहे. सरांना तोंडपाठ नसेल तर त्यांना वही काढायला लावा. त्यात अपमान काही नाही.

पोरं पहाटे पोलीस भरतीला पळतात, तासाला झोपतात. रागवावं का?

पळू द्या. १६०० मीटर, मुलींना ८००, गोळाफेक; हे स्वप्न या भागात कॉलेजपेक्षा जुनं आहे. पण शिपाईपदाला बारावी पुरते आणि उपनिरीक्षकाच्या परीक्षेला पदवी लागते, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. ते सांगितलं की पहिल्या तासाला निदान डोळे उघडे राहतात.

ओजेटीला खेड्यातून कुठे पाठवायचं?

ऑन जॉब ट्रेनिंगची चार क्रेडिटं म्हटलं की सगळे नागपूरकडे बघतात. वाणिज्यच्या मुलांना पतसंस्था, जिनिंगमधलं हिशेबाचं ऑफिस, बाजार समिती. विज्ञानवाल्यांना माती परीक्षण, दूध संकलन केंद्र, पॅथॉलॉजी लॅब. कलावाल्यांना ग्रामपंचायत, वाचनालय. आधी मेंटॉरने स्वतः जाऊन यावं, नाहीतर पोरगं दोन महिने चहा आणतं आणि शेवटी शिक्का घेऊन येतं.

यासाठी सॉफ्टवेअर घ्यावं का?

अमेरिकेत जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून प्रत्येक मुलाच्या आठशेवर धोक्याच्या खुणा रोज संगणकाने तपासायला सुरुवात केली, त्याचं फार नाव झालं. पण खूण दिसल्यावर फोन करायला त्यांनी सल्लागारही वाढवले, तेवढं आपल्याकडच्या विक्रेत्याच्या पीपीटीत नसतं. आम्ही एक्सेलची एक शीट ठेवली आहे. सोमवार-मंगळवार लागोपाठ गैरहजर, चाचणी बुडाली, अर्ज परत आला: तीन रकाने. लाल झालं की फोन.

मेंटॉर बदलून मिळतो का?

मिळाला पाहिजे, आणि कारण न विचारता. मुलींना मॅडमच हव्या असतील तर मॅडमच.

वेळापत्रकात मेंटॉरसाठी वेगळा तास ठेवावा का?

ठेवाच. आमचा बुधवारी साडेअकराचा आहे. दुपारनंतरचा ठेवू नका, बसच्या भीतीने अर्धा वर्ग उठतो. शनिवारचा तर मुळीच नको.

उन्हाळ्यात हे काम बंदच ना?

निकाल उन्हाळ्यातच लागतात. ज्या दिवशी निकाल लागतो त्या संध्याकाळी नापास झालेल्यांना आम्ही फोन करतो, पास झालेल्यांना दुसऱ्या दिवशी केला तरी चालतो. एटीकेटीत, म्हणजे राहिलेला पेपर नंतर देण्याच्या सवलतीत, पुढच्या वर्गात बसता येतं, हेच कित्येकांना माहीत नसतं. एक पेपर गेला म्हणजे वर्ष गेलं समजून ते मजुरीला लागतात किंवा पुण्याची गाडी धरतात. मागच्या वर्षी एकाला फोन लागला तेव्हा तो बडनेरा स्टेशनवर होता, पिशवी घेऊन. "सर, तिकीट काढलंय," म्हणाला. मी म्हटलं, जा, पण २० जूनला फॉर्मसाठी यायचं आहे, तेवढं लिहून घे. त्याने शेजाऱ्याकडून पेन मागितलेलं मला ऐकू आलं.